आंतरराष्ट्रीय नोकरवर्गाचे उत्तरायुष्य

पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली राष्ट्रसंघाचे काम सुरू झाले, तेव्हा त्याच्या सचिवालयात कोणी काम करायचे आणि त्यांचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा होता. परंतु त्याला जे उत्तर मिळाले त्यातून एका नव्या नोकरवर्गाचा जन्म झाला. ब्रिटिश मंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांच्या आराखड्यानुसार प्रत्येक सदस्य देशाने आपले अधिकारी पाठवावेत, त्यांचा पगार त्या देशाने द्यावा आणि हे अधिकारी एका छपराखाली बसून आपापल्या सरकारचे काम पाहतील, अशी रचना व्हायची होती. राष्ट्रसंघाचे पहिले महासचिव सर एरिक ड्रमंड हे स्वतः ब्रिटिश परराष्ट्र खात्यातून आलेले असूनही त्यांनी ही रचना स्वीकारली नाही. सचिवालयातील प्रत्येक माणूस संघाने नेमावा, संघाने त्याला वेतन द्यावे आणि सेवेच्या काळात त्याने कोणत्याही सरकारकडून आदेश घेऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता, आणि मे १९२० मध्ये ब्रिटिश मुत्सद्दी आर्थर बाल्फर यांच्या अहवालाने या आग्रहाला तत्त्वाचे रूप दिले. त्यापूर्वीही बर्न येथील टपाल संघासारखी आंतरराष्ट्रीय कार्यालये होती, पण तेथील कर्मचारी बहुतांशी यजमान देशाचेच नागरिक असत, त्यामुळे नोकरी संपल्यावर ते आपल्याच गावी, आपल्याच कायद्याच्या आधाराने राहत. ड्रमंड यांच्या सचिवालयातील माणसाची गोष्ट निराळी होती. सेवेत असताना तो कोणत्याही राज्याचा नोकर नव्हता, म्हणून कोणत्याही राज्याच्या निवृत्तिवेतनाचा, वैद्यकीय साहाय्याचा किंवा विम्याचा तो हक्कदार राहत नव्हता. आणि म्हातारपण मात्र त्याला कोणत्या तरी एका राज्याच्याच हद्दीत काढायचे होते. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा जो इतिहास पुढे शंभर वर्षे घडत गेला, तो या एका विसंगतीतून निघालेला आहे, आणि ती विसंगती संस्थांनी आपणहून फारच थोड्या वेळा ओळखली. बहुतेक वेळा ती निवृत्तांनीच त्यांच्या ध्यानात आणून दिली.

आरंभीच्या दशकात म्हातारपणाचा विचार मागे पडला, याला कारण होते. राष्ट्रसंघ किती वर्षे टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती, आणि नेमणुका बहुधा ठरावीक मुदतीच्या करारांनी होत असत. १९२१ साली जॉर्ज नोब्लमेअर या फ्रेंच गृहस्थांच्या अध्यक्षतेखालील समितीने वेतनाचा एक सिद्धांत मांडला, जो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो: आंतरराष्ट्रीय संस्थेचे वेतन एवढे असावे की ज्या देशाची मुलकी सेवा सर्वांत चांगला पगार देते त्या देशाचा नागरिकही ही नोकरी पत्करील. त्या काळी तुलनेसाठी ब्रिटिश मुलकी सेवा धरली जाई. संयुक्त राष्ट्रसंघाच्या काळात तिची जागा अमेरिकेच्या संघराज्य सेवेने घेतली. वेतनाचा मापदंड असा पक्का झाला, पण सेवेनंतरची तरतूद मात्र केवळ भविष्य निर्वाह निधीपुरती होती, म्हणजे कर्मचारी आणि संस्था या दोघांनी दरमहा काही रक्कम बाजूला टाकायची आणि नोकरी सुटताना ती व्याजासह एकरकमी हातात द्यायची. जिनिव्हातील राष्ट्रसंघाशेजारीच काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या बाबतीत ही उणीव अधिक ठळक दिसते, कारण तिच्या १९१९ सालच्या घटनेच्या उद्देशिकेतच वृद्धत्वासाठी तरतूद करण्याचा उल्लेख आहे. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते, आणि जगभरच्या कामगारांच्या म्हातारपणाची चर्चा ज्या संस्थेत सुरू झाली, तिच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतनासाठी आणखी बारा वर्षे वाट पाहावी लागली.

हा बदल १९३० सालच्या तेरा सदस्यांच्या समितीमुळे झाला. दहा वर्षांत सचिवालयाचा आकार वाढला होता, त्यात सुमारे ७०० माणसे होती, आणि तरुणपणी जिनिव्हाला आलेल्यांना आता आपल्या देशाच्या सेवेत परत जाणे अवघड झाले होते, कारण तेथे त्यांच्या बरोबरीचे लोक पुढे निघून गेले होते. समितीचा युक्तिवाद असा होता की मुदतीच्या करारावर असलेला माणूस करार संपत आला की साहजिकच स्वदेशाच्या सरकारकडे पाहू लागतो, आणि मग त्याच्या आंतरराष्ट्रीय निष्ठेला अर्थ राहत नाही. म्हणून दीर्घ मुदतीची नोकरी आणि तिच्या अखेरीस निवृत्तिवेतन, या दोन्ही गोष्टी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी आवश्यक आहेत. १ जानेवारी १९३१ पासून राष्ट्रसंघाचा कर्मचारी निवृत्तिवेतन निधी अस्तित्वात आला. निवृत्तिवेतनाकडे बक्षीस म्हणून किंवा दया म्हणून न पाहता निःपक्षपातीपणाची हमी म्हणून पाहण्याची ही दृष्टी या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि पुढच्या काळातील अनेक वादांत संस्थांना तिचा विसर पडलेला दिसतो.

दुसऱ्या महायुद्धाने या नव्या निधीची आणि त्यामागच्या वचनाची लगेच परीक्षा घेतली. डिसेंबर १९३९ मध्ये राष्ट्रसंघाच्या सभेने कर्मचारी नियमांत बदल करून कपातीच्या वेळी द्यायची सहा महिन्यांची पूर्वसूचना एका महिन्यावर आणली आणि नुकसानभरपाई हप्त्यांनी देण्याची मुभा घेतली. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर जिनिव्हा चारी बाजूंनी वेढले गेले; कामगार संघटनेने आपले कार्यालय कॅनडात माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठात हलवले, राष्ट्रसंघाचा अर्थविभाग अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला, आणि शेवटचे महासचिव शॉन लेस्टर मोजक्या लोकांसह जिनिव्हातील प्रचंड इमारतीत राहिले. ज्यांना या काळात घरी पाठवण्यात आले, त्यांच्यापैकी काहींनी राष्ट्रसंघाच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे संस्था आणि तिचे कर्मचारी यांच्यातील तंटे सोडवण्यासाठी १९२७ साली स्थापन झालेल्या न्यायमंडळाकडे दाद मागितली. नेमणुकीच्या वेळचे नियम नंतरच्या ठरावाने एकतर्फी बदलता येत नाहीत, असे सांगून न्यायाधिकरणाने फेब्रुवारी १९४६ मध्ये तेरा प्रकरणांत त्यांच्या बाजूने निर्णय दिले. दोनच महिन्यांनी, एप्रिल १९४६ मध्ये, विसर्जनासाठी भरलेल्या राष्ट्रसंघाच्या अखेरच्या सभेने हे निर्णय अमलात आणायचे नाकारले. सभा सर्वोच्च आहे आणि तिच्या इच्छेवर न्यायाधिकरण मात करू शकत नाही, असे त्यामागचे कारण देण्यात आले. राष्ट्रांमधील तंटे कायद्याने सोडवावेत म्हणून जन्मलेल्या संस्थेने आपल्याच माजी सेवकांच्या बाबतीत न्यायालयाचा शब्द मोडून आपला शेवट केला, ही घटना राष्ट्रसंघाच्या इतिहासग्रंथांत क्वचितच एखाद्या परिच्छेदाहून अधिक जागा घेते, आणि ते योग्य नाही. निवृत्तिवेतनाच्या निधीचे मात्र नशीब बरे होते: त्याचा कारभार कामगार संघटनेने स्वीकारला, आणि जी संस्था जगाच्या नकाशावरून पुसली गेली होती तिच्या माजी सेवकांना त्यांचे पैसे मिळत राहिले.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर १९४८ मध्ये कर्मचारी निवृत्तिवेतन निधीचा ठराव केला आणि १९४९ च्या जानेवारीपासून तो लागू झाला. या निधीला ‘संयुक्त’ असे विशेषण आहे, कारण जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, कामगार संघटना अशा स्वतंत्र घटना असलेल्या संस्थाही क्रमाने त्यात सामील होत गेल्या आणि त्यामुळे एका संस्थेतून दुसरीत जाणाऱ्या माणसाची सेवा तुटत नाही. आजच्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतनपात्र वेतनाच्या २३.७ टक्के रक्कम दरमहा निधीत जमा होते. तिचा एक तृतीयांश भाग, म्हणजे ७.९ टक्के, कर्मचारी देतो आणि १५.८ टक्के संस्था देते. निवृत्तीच्या वेळी हक्काच्या एक तृतीयांशापर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो, ज्याला महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत अंशराशीकरण म्हणतात, आणि उरलेला भाग आयुष्यभर दरमहा मिळतो. निवृत्तीचे वयही तीन टप्प्यांनी वाढले: १९९० पूर्वी दाखल झालेल्यांसाठी ते ६० होते, त्यानंतर आलेल्यांसाठी ६२, आणि २०१४ पासून ६५, पुढे २०१८ पासून सेवेत असलेल्या सर्वांनाच ६५ वर्षांपर्यंत काम करण्याची मुभा मिळाली.

नवी संस्था जुन्या संस्थेची चूक पुन्हा करणार की काय, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत साम्यवादाच्या संशयावरून चौकशांचे सत्र चालू होते, आणि चौकशी समितीसमोर उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या काही अमेरिकी कर्मचाऱ्यांना महासचिव त्रिग्वे ली यांनी न्यूयॉर्कच्या सचिवालयातून काढून टाकले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने १९५३ साली त्यांच्यापैकी अकरा जणांना भरपाई मंजूर केली, जिची एकूण रक्कम सुमारे १,८०,००० डॉलर होती. रक्कम मोठी नव्हती, पण ती देण्यास अमेरिकेचा विरोध होता, आणि आमसभेला न्यायाधिकरणाचा निर्णय नाकारता येतो का, हा प्रश्न डिसेंबर १९५३ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्ल्यासाठी पाठवण्यात आला. आमसभेच्या त्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी विजयालक्ष्मी पंडित होत्या. न्यायालयाने १३ जुलै १९५४ रोजी नऊ विरुद्ध तीन मतांनी सांगितले की आमसभेनेच हे न्यायाधिकरण न्यायमंडळ म्हणून स्थापन केले आहे, त्याचे निर्णय संस्थेवर बंधनकारक आहेत, आणि म्हणून ते पाळण्याचे नाकारता येणार नाही. युक्तिवादात १९४६ चे उदाहरण पुढे आले होते आणि न्यायालयाने ते मार्गदर्शक मानले नाही. आज निवृत्त कर्मचारी आपल्या हक्कासाठी ज्या कायदेशीर जमिनीवर उभे राहतात, ती या निर्णयाने तयार केलेली आहे.

निवृत्तिवेतनाची व्यवस्था झाली तरी आजारपणाची व्यवस्था बराच काळ झाली नव्हती, आणि म्हातारपणात पैशाची गरज मुख्यतः आजारपणासाठीच असते, ही साधी गोष्ट कागदावर यायला वेळ लागला. सेवेत असताना कर्मचारी संस्थेच्या सामूहिक वैद्यकीय विम्यात असे. जिनिव्हात तर कर्मचाऱ्यांनीच चालवलेल्या परस्पर साहाय्य मंडळातून आजार आणि अपघाताचा खर्च भागवला जाई. पण सेवेचा शेवटचा दिवस संपला की हे छत्र काढून घेतले जाई, आणि साठीच्या माणसाला खासगी विमा कंपनीच्या दारात उभे राहावे लागे, जेथे वय आणि जुनी दुखणी पाहून एक तर नकार मिळे किंवा न परवडणारा हप्ता सांगितला जाई. देशाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा आधार त्याला सहज मिळत नसे, कारण तिच्यासाठी लागणारी वर्गणी त्याने आयुष्यभर भरलेली नसे. १९६७ पासून संयुक्त राष्ट्रसंघाने सेवोत्तर आरोग्य विमा सुरू केला, म्हणजे ठरावीक वर्षे सेवा केलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही सामूहिक विम्यात राहता येईल आणि हप्त्याचा मोठा वाटा संस्था उचलील. २००७ च्या मध्यापासून नव्याने येणाऱ्यांना यासाठी किमान दहा वर्षे विम्यात राहण्याची अट घालण्यात आली. या योजनेसाठी सुरुवातीला वेगळा निधी साठवलाच गेला नव्हता. दरवर्षीचा खर्च त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून भागवला जाई. २०१० च्या सुमारास एकेका संस्थेने सार्वजनिक क्षेत्रासाठीची आंतरराष्ट्रीय लेखामानके स्वीकारली, तसे भविष्यातले हे देणे ताळेबंदात लिहावे लागले आणि ते अब्जावधी डॉलरच्या घरात असल्याचे दिसले. त्या दिवसापासून काही सदस्य राष्ट्रे या विम्याकडे ओझे म्हणून पाहू लागली. देणे नवीन नव्हते, ते केवळ प्रथमच लिहिले गेले होते, हे त्या चर्चांत पुरेसे मांडले गेले नाही.

यापेक्षाही मोठा धक्का चलनाने दिला. निवृत्तिवेतन डॉलरमध्ये मोजले जाई, आणि १९७१ पूर्वी याची कोणाला काळजी करण्याचे कारण नव्हते, कारण ब्रेटन वुड्सच्या करारानुसार प्रमुख चलनांचे दर डॉलरशी बांधलेले होते; जिनिव्हात एका डॉलरला सुमारे ४.३० स्विस फ्रँक मिळत. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले, काही काळातच चलनांचे दर तरंगते झाले, आणि १९७८ च्या शरद ऋतूत डॉलरचा भाव १.६० फ्रँकच्याही खाली गेला. याचा अर्थ घरखर्चाच्या भाषेत असा होतो की १९७० साली महिन्याला १,००० डॉलर घेऊन निवृत्त झालेल्या माणसाला तेव्हा ४,३०० फ्रँक मिळत, आणि आठ वर्षांनी, मधल्या काळात वाढ मिळाली नसती तर, त्याच डॉलरांचे १,६०० फ्रँक झाले असते. घरभाडे, डॉक्टरची फी आणि बाजारातील दूध मात्र फ्रँकमध्येच होते आणि तेही महागले होते. महागाईनुसार वाढी दिल्या गेल्या, निरनिराळ्या तात्पुरत्या सूत्रांचे प्रयोग झाले, पण अमेरिकेतील महागाईवर बेतलेली वाढ जिनिव्हातील घसरण भरून काढू शकत नव्हती. याच दशकात, १९७५ साली, जिनिव्हा, न्यूयॉर्क आणि इतर ठिकाणच्या माजी आंतरराष्ट्रीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन आपला महासंघ स्थापन केला. युरोपीय समुदायांच्या माजी कर्मचाऱ्यांची संघटना त्याआधीच, १९६९ साली, उभी राहिली होती.

या ओढाताणीतून जी व्यवस्था निघाली तिला दुहेरी मार्गाची समायोजन पद्धत म्हणतात, आणि तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक निवृत्ताचे वेतन मूळ डॉलरमध्ये नोंदलेले असते आणि अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वाढत जाते. हा पहिला मार्ग. ज्याला हवे असेल त्याने आपण कोणत्या देशात राहतो याचा पुरावा द्यायचा, आणि मग निवृत्तीपूर्वीच्या ३६ महिन्यांच्या सरासरी विनिमय दराने त्याचे वेतन त्या देशाच्या चलनात बदलून पुढे त्या देशातील महागाईनुसार वाढवले जाते. हा दुसरा मार्ग. एका महिन्याचा दर न घेता तीन वर्षांची सरासरी घेतल्यामुळे केवळ दुर्दैवी तारखेला निवृत्त झाल्याची शिक्षा कोणाला होत नाही. डॉलर वधारला असता स्थानिक मार्गावरच्या माणसाचे फार नुकसान होऊ नये म्हणून डॉलर मार्गाच्या किमान ८० टक्के रकमेची हमीही ठेवण्यात आली. स्विस फ्रँकसारख्या चढत्या चलनाच्या देशात राहणाऱ्याला दुसरा मार्ग जीवनदायी ठरला. रुपयासारख्या दीर्घकाळ घसरत आलेल्या चलनाच्या देशात परतलेल्याला मात्र बहुधा पहिलाच मार्ग फायद्याचा पडतो. निवृत्त माणूस नेमका कोठे राहतो, याला निधीच्या हिशेबात प्रथमच अधिकृत स्थान मिळाले, आणि ज्या व्यवस्थेने आपल्या सेवकाला सर्व देशांपासून अलिप्त ठेवले होते तिला त्याचा पत्ता विचारावा लागला.

राहण्याच्या जागेवरून आणखी एक वाद झाला, तो परतीच्या अनुदानाचा. स्वदेशाबाहेर नोकरी केलेल्या माणसाला सेवा संपल्यावर घरी परतण्याचा प्रवासखर्च आणि सामान नेण्याचा खर्च मिळतोच. त्याशिवाय नव्याने बिऱ्हाड मांडण्यासाठी एक रक्कम मिळते, तिला परतीचे अनुदान म्हणतात. वर्षानुवर्षे ही रक्कम परतण्याचा पुरावा न मागता दिली जात होती, आणि अनेक निवृत्त लोक ती घेऊन जिनिव्हातच किंवा सरहद्दीपलीकडील फर्ने-व्होल्तेअरसारख्या फ्रेंच गावांत स्थायिक होत. १९७८ आणि १९७९ च्या ठरावांनी आमसभेने स्थलांतराचा पुरावा सक्तीचा केला, पण १९८० साली जिनिव्हात निवृत्त होऊन तेथेच राहिलेल्या एका आयरिश अधिकाऱ्याने दावा केला की हा नियम येण्यापूर्वीच त्याने सेवेची वर्षे पूर्ण करून अनुदान कमावले होते. न्यायाधिकरणाने त्याला भरपाई दिली, प्रकरण हेगला गेले, आणि जुलै १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निर्णयात चूक नसल्याचे सांगितले. आमसभेचे म्हणणे तर्कदृष्ट्या बरोबर होते, कारण न परतणाऱ्याला परतीचा खर्च कशासाठी द्यायचा. पण तीस वर्षे परदेशात घालवलेल्या माणसाची मुले, मित्र, डॉक्टर आणि जोडीदाराचे थडगेही जेथे असेल, तेथून त्याला ‘घरी’ जायला सांगणारा नियम घर कशाला म्हणावे याचा विचार करून लिहिलेला नव्हता.

सर्वांत दुःखद प्रकरण सोव्हिएत नागरिकांचे आहे. १९८० च्या सुमारास निवृत्तिवेतन निधी आणि सोव्हिएत संघ, युक्रेन व बेलारूस यांच्या सरकारांमध्ये हस्तांतरणाचे करार झाले, ज्यांनुसार त्या देशांच्या कर्मचाऱ्यांची निधीतील जमा त्यांच्या सरकारच्या सामाजिक सुरक्षा निधीकडे वर्ग करायची आणि सरकारने त्यांना राष्ट्रीय नियमांप्रमाणे निवृत्तिवेतन द्यायचे, असे ठरले. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला आणि रूबलची किंमत कोसळली, तेव्हा या माणसांच्या हातात जे उरले ते त्यांच्या जिनिव्हातल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या सहकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या पासंगालाही पुरत नव्हते. निधीने आपले कायदेशीर कर्तव्य पूर्ण केले होते, कारण पैसे वर्ग झाले होते. नव्या रशियाच्या सरकारकडे तोडगा मागितला गेला, आमसभेने अनेक वर्षे या प्रश्नाची दखल घेतली, महासंघाने तो प्रत्येक बैठकीत मांडला, आणि संबंधित माणसे एकेक करून वारत गेली. त्यांनीही आपल्या सहकाऱ्यांप्रमाणेच आंतरराष्ट्रीय निष्ठेची शपथ घेतलेली होती.

अशा प्रश्नांची माहिती जगभर विखुरलेल्या निवृत्तांपर्यंत पोहोचवण्याचे काम संघटनांच्या वार्तापत्रांनी केले. जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय कर्मचाऱ्यांचे मासिक ‘यूएन स्पेशल’ १९४९ साली, म्हणजे निधीच्याच वर्षी, निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निवृत्तांचे त्रैमासिक, कामगार संघटनेच्या निवृत्तांचे पत्रक, जागतिक बँकेच्या मुख्यालयाच्या रस्त्यावरील घरक्रमांकावरून नाव घेतलेल्या ‘१८१८ सोसायटी’चे वृत्त, अशी ही परंपरा पुढे वाढली. या पत्रांचा ऐवज पाहिला तर त्यात विम्याचा दावा कसा भरावा, चलनाचा दर बदलल्याने काय होईल, वयाबरोबर येणाऱ्या दुखण्यांत काय काळजी घ्यावी, एखादी एकत्र सहल केव्हा निघते, अशा व्यवहाराच्या बाबी असतात; त्यांच्या शेजारीच मलेरियाच्या मोहिमेच्या किंवा देवी निर्मूलनाच्या काळातील आठवणी आणि शेवटी निधनवार्ता. इतिहासकाराच्या दृष्टीने या निधनवार्ता मौल्यवान आहेत, कारण मोठ्या मोहिमांचे अधिकृत अहवाल प्रमुखांची नावे देतात आणि जीप, बर्फाच्या पेट्या व लसीच्या कुप्या घेऊन हिंडलेल्या माणसाचे नाव बहुधा येथेच सापडते. ब्रिटनमधील निवृत्तांनी हे ओळखून १९८९ पासून ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आपल्या लोकांचे कागदपत्र, पत्रे आणि आठवणी जमा करायला घेतल्या. त्या कामात पुढाकार घेणारे रिचर्ड सायमंड्स हे बंगालच्या दुष्काळात आणि १९४७ च्या फाळणीत मदतकार्य करून मग संयुक्त राष्ट्रसंघात गेले होते.

निवृत्तीनंतरचे आयुष्य म्हणजे केवळ हक्कांची राखण नव्हे, याचे मराठी वाचकाच्या जवळचे उदाहरण पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ १९५० च्या दशकाच्या आरंभी रोम येथे अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले, जगातील उपासमार मोजण्याच्या पद्धती त्यांनी घडवल्या, आणि १९७० साली निवृत्त होऊन ते पुण्याला परतले. तेथे त्यांनी विश्रांती घेतली नाही. माणसाचे शरीर रोजच्या उष्मांकांतील चढउताराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, म्हणून एका ठरावीक आकड्याखालच्या सर्वांना कुपोषित म्हणणे चुकीचे आहे, आणि अन्नाइतकेच शुद्ध पाणी व स्वच्छता यांना महत्त्व आहे, असे त्यांनी मांडले. पुण्यातच असलेल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याशी यावरून त्यांचा जो वाद झाला तो भारतातील दारिद्र्यविषयक लेखनात अजूनही वाचला जातो. त्यांचे निष्कर्ष मान्य करावेत की नाही हा वेगळा प्रश्न आहे. रोममध्ये जमवलेली दृष्टी निवृत्तीनंतर मायभूमीच्या प्रश्नाला लावता आली, हे येथे महत्त्वाचे.

भारतात परतलेल्यांना कराचा प्रश्नही होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विशेषाधिकारांविषयीच्या १९४७ च्या भारतीय कायद्याने सेवेतील वेतन करमुक्त होते, पण निवृत्तिवेतन त्यात येते का, हे स्पष्ट नव्हते. कर्नाटक उच्च न्यायालयाने १९८० साली ते येते असा निर्णय दिला आणि पुढच्या वर्षी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून तो स्वीकारला. फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्याला अशी सूट नाही. एकाच कार्यालयात समोरासमोर बसून सारखीच सेवा केलेल्या दोघांच्या हातात म्हणूनच वेगवेगळी रक्कम पडते.

आज निधीचे निवृत्त आणि वारस मिळून ८० हजारांहून अधिक लाभार्थी सुमारे १९० देशांत राहतात, आणि त्या प्रत्येकाला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. अनेक दशके हा कागद टपालाने जाई आणि सहीनिशी परत येई. ज्या देशात युद्ध किंवा टपालाची अडचण असे, तेथे कागद न पोहोचल्यामुळे जिवंत माणसाचे निवृत्तिवेतन थांबण्याचा धोका असे. भारत सरकारने २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ सुरू करून आपल्या निवृत्तांना बँकेच्या रांगेतून जशी सुटका दिली, तशी २०२१ साली निधीने मोबाइलवर चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय केली, आणि कागदाचा मार्गही खुला ठेवला, कारण नव्वदीच्या माणसाकडून नवे यंत्र हाताळण्याची अपेक्षा सर्वत्र करता येत नाही. निधीच्या कारभाराचे मंडळ सदस्य राष्ट्रे, संस्थांचे प्रमुख आणि सेवेतील कर्मचारी अशा तीन पक्षांचे आहे. निवृत्तांच्या महासंघाचे प्रतिनिधी त्याच्या बैठकांना बसतात आणि बोलतात, पण त्यांना मत नाही. यासाठी दिले जाणारे कारण असे की निवृत्तांचे हक्क आधीच ठरलेले असतात आणि पुढील निर्णयांचा भार सेवेत असलेल्यांवर पडतो. १९७० च्या दशकातील फ्रँकचा आणि १९९० च्या दशकातील रूबलचा अनुभव या कारणाच्या विरुद्ध जातो, कारण दोन्ही वेळा ज्यांचे नुकसान झाले ते निवृत्तच होते, आणि त्यांच्या हक्कांना ठरलेले म्हणण्यासारखे त्यात काही उरले नव्हते.